विक्स ३ वरून विक्स ५ वर : इन्स्टॉलरच्या जुन्या प्रोजेक्टचे स्थलांतर

विंडोजसाठी एमएसआय इन्स्टॉलर, म्हणजे सॉफ्टवेअर संगणकावर बसवणारी फाइल, तयार करणाऱ्यांना ‘विक्स टूलसेट’ हे नाव नवे नाही; एक्सएमएलमध्ये लिहिलेल्या वर्णनावरून असा इन्स्टॉलर बनवणारा हा साधनसंच. मायक्रोसॉफ्टने २००४ साली मुक्त परवान्याखाली खुला केलेला हा तिचा पहिला प्रकल्प. त्याची तिसरी आवृत्ती इतकी वर्षे चालली, की अनेक ठिकाणी इन्स्टॉलरचा प्रोजेक्ट ही कोणी हात लावायची गोष्टच राहिलेली नाही. आमच्याकडेही तीच स्थिती होती. चौथी आवृत्ती ५ एप्रिल २०२३ रोजी आली आणि पाचवी बरोबर एका वर्षाने. आम्ही मध्ये न थांबता थेट पाचवीवर गेलो, कारण या दोन्हींची एक्सएमएल रचना जवळजवळ एकच आहे. खरी चढण तिसरीवरून चौथीवर जातानाच लागते.

बिल्डच्या, म्हणजे लिहिलेल्या मजकुरातून इन्स्टॉलर तयार करण्याच्या, बाबतीत मिळालेला दिलासा पहिल्याच दिवशी जाणवला. तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक बिल्ड मशिनवर विक्स आधी बसवून ठेवावे लागे, त्यासाठी मायक्रोसॉफ्टची डॉटनेट ३.५ ही प्रणाली चालू करावी लागे, आणि मग ‘कँडल’ या विक्सच्या साधनाने कंपाइल व ‘लाइट’ने लिंक अशा दोन टप्प्यांत काम चाले. आता प्रोजेक्ट फाइलच्या पहिल्या ओळीत विक्स एसडीकेचे (विक्सच्या बिल्ड साधनांच्या संचाचे) नाव आणि आवृत्ती लिहिली, की बाकीचे सारे नुगेट या डॉटनेटच्या पॅकेज-भांडारावरून आपोआप येते आणि ‘डॉटनेट बिल्ड’ या एका आज्ञेत एमएसआय तयार होते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी : नवा प्रोजेक्ट आपल्या फोल्डरमधील सगळ्या डब्ल्यूएक्सएस (विक्सच्या मूळ मजकुराच्या) फायली न विचारता बिल्डमध्ये घेतो. आमच्या फोल्डरमध्ये कधीकाळी प्रत काढून ठेवलेली एक जुनी फाइल पडून होती. तीही कंपाइल झाली आणि एकच आयडी दोनदा आल्याच्या एररांची रांग लागली.

मूळ मजकूर बदलण्यासाठी ‘विक्स कन्व्हर्ट’ ही आज्ञा आहे आणि ती मनापासून दाद द्यावी इतके काम करते. नेमस्पेस (नावांचा गट दर्शवणारे नाव) बदलणे, ‘प्रॉडक्ट’ या घटकाचे ‘पॅकेज’ करणे, जुन्या ‘पॅकेज’मधील उरलेली माहिती ‘समरी इन्फर्मेशन’मध्ये हलवणे, टॅगांच्या आत लिहिलेल्या अटी ‘कंडिशन’ या गुणधर्मात नेणे, ही हाताने केली असती तर दोन-तीन दिवस खाणारी कामे काही सेकंदांत उरकली. तिच्या आवाक्याबाहेर राहतात त्या दोन जागा. पहिली, सी-शार्पमध्ये लिहिलेल्या कस्टम ॲक्शन (इन्स्टॉल होताना चालणारा आपला स्वतःचा कोड) : तिथे मायक्रोसॉफ्टच्या नावाने असलेली नेमस्पेस आता विक्सच्या स्वतःच्या नावाने आहे. दुसरी, स्वतः बदल करून घेतलेल्या संवादचौकटी : फोल्डरचा मार्ग तपासणाऱ्या अंगभूत कस्टम ॲक्शनच्या नावाला आता प्रोसेसरच्या प्रकाराची शेपटी जोडलेली असते, त्यामुळे जुने नाव तसेच राहिले तर बिल्ड तिथेच अडते.

पण बिल्ड अडले तर निदान कळते तरी. माझ्या मते या स्थलांतरात सर्वाधिक काळजी घ्यावी ती बिल्ड यशस्वी झाल्यानंतर, कारण इन्स्टॉलर हा ग्राहकाच्या संगणकावर आधीपासून असलेल्या आवृत्तीशी बांधील असतो आणि ती बांधिलकी कंपायलरला दिसत नाही. आमच्या जुन्या फाइलमध्ये ‘इन्स्टॉल स्कोप’ (सॉफ्टवेअर एका वापरकर्त्यासाठी की संपूर्ण संगणकासाठी, हे सांगणारा गुणधर्म) लिहिलेलाच नव्हता. तिसऱ्या आवृत्तीत तो न लिहिल्यास नोंद त्या वापरकर्त्यापुरती होत असे. चौथीपासून न लिहिल्यास संपूर्ण संगणकासाठी होते. विंडोज इन्स्टॉलर या दोन प्रकारांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहत नाही. परिणामी अपग्रेड कोड (सॉफ्टवेअरच्या सर्व आवृत्त्यांना जोडणारी ओळख) अक्षरशः तोच असूनही चाचणीच्या संगणकावर ‘ॲप्स’च्या यादीत आमच्या सॉफ्टवेअरच्या दोन नोंदी एकाखाली एक उभ्या राहिल्या. हे ग्राहकाच्या टेबलावर घडले नाही, ते केवळ आम्ही कोऱ्या संगणकाबरोबर जुनी आवृत्ती बसवलेल्या संगणकावरही चाचणी केली म्हणून. स्कोप स्पष्ट लिहिला, आणि ज्यांच्याकडे जुनी आवृत्ती होती त्यांना ती आधी काढून टाकण्याची लेखी सूचना पाठवली.

थेट पाचवी आवृत्ती निवडल्याचे खरे समाधान ‘फाइल्स’ या नव्या घटकाने दिले. पूर्वी शेकडो फायलींची यादी ‘हीट’ या विक्सच्या साधनाकडून करून घ्यायची आणि नको असलेल्या पीडीबी (डीबगिंगच्या) फायली गाळण्यासाठी वेगळी एक्सएसएलटी (एक्सएमएल बदलणारी नियमावली) सांभाळायची, असा खटाटोप होता. आता फोल्डरचा मार्ग तारांकित चिन्हांसह एका ओळीत दिला, वगळायच्या फायली आत सांगितल्या, की काम झाले. विंडोज सर्व्हिसची (पार्श्वभूमीवर चालणाऱ्या प्रोग्रामची) ईएक्सई मात्र आम्ही त्यातून वगळून तिच्यासाठी स्वतंत्र कंपोनंट (एकत्र बसवला व काढला जाणारा घटक) लिहिला, कारण सर्व्हिसची नोंदणी तिच्याशी बांधायची होती. या बदलात कंपोनंटांचे जीयूआयडी (अद्वितीय ओळख क्रमांक) बदलतात. ‘मेजर अपग्रेड’चे (जुनी आवृत्ती काढून नवी बसवणाऱ्या अपग्रेडचे) मूळ वेळापत्रक जुनी आवृत्ती आधी पूर्ण काढून मग नवी बसवते, म्हणून ते चालून जाते. पण ज्यांनी जुनी आवृत्ती शेवटी काढण्याचे वेळापत्रक ठेवले असेल, त्यांनी हा बदल करण्यापूर्वी थांबून विचार करावा, कारण नुकत्याच बसवलेल्या फायली जुन्या आवृत्तीबरोबर निघून जाण्याचा धोका त्यात असतो.

व्हिज्युअल स्टुडिओमध्ये काम करणाऱ्यांसाठी फायरजायंट या कंपनीचे ‘हीटवेव्ह’ हे विनामूल्य एक्स्टेन्शन आहे. प्रोजेक्ट फाइलचे रूपांतर तेही करून देते. खर्चाचा विचार करणाऱ्यांनी एवढे मात्र पाहून ठेवावे की २०२५ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून, विक्स वापरून उत्पन्न मिळवणाऱ्या संस्थांकडून देखभाल शुल्क अपेक्षित आहे. ज्या साधनावर आमचा प्रत्येक रिलीज उभा आहे, त्याच्या देखभालीसाठी पैसे मोजणे मला रास्त वाटते, आणि सहाव्या आवृत्तीवर जाताना ते अंदाजपत्रकात धरावे असे मी आमच्या व्यवस्थापनाला लिहून दिले आहे.