लोडचा आकडा पाहून होस्टिंग बदलायचं का? साधं शेअर्ड, मर्यादा घातलेलं शेअर्ड आणि व्हीपीएस

साइट मंदावली की अनेक जण होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन सर्व्हर लोड, म्हणजे सर्व्हरवरच्या कामाच्या गर्दीचा आकडा, बघतात. तिथे १४ दिसला की निकाल लागलेलाच असतो: सर्व्हर भरलाय, आता व्हीपीएस (मोठ्या सर्व्हरमधला स्वतःपुरता वेगळा काढलेला आभासी सर्व्हर) घ्यायचा. माझं मत आधीच सांगतो. निव्वळ लोडच्या आकड्यावरून होस्टिंग बदलू नये. साध्या शेअर्डवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट), क्लाउडलिनक्ससारखी प्रणाली वापरून मर्यादा घातलेल्या शेअर्डवर आणि व्हीपीएसवर त्याच १४ चे तीन वेगळे अर्थ होतात, आणि त्यातल्या दोन ठिकाणी तो आकडा तुमच्या साइटचा नसतोच.

आकडा नेमका कशाचा

लोड अ‍ॅव्हरेजचे तीन आकडे असतात: गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांचे. २४, १२, ६ असं दिसलं तर गर्दी आत्ता वाढतेय, ६, १२, २४ दिसलं तर ओसरतेय. ही सरळ सरासरी नाही. लिनक्स ही सर्व्हर चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम साधारण दर ५ सेकंदांनी मोजणी करतं आणि जुन्या नोंदींचं वजन हळूहळू कमी करत नेतं. रिकाम्या मशीनवर एकच प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) पूर्ण जोरात मिनिटभर चालवली, तर पहिला आकडा १ नाही, ०.६३ च्या आसपास दिसतो. म्हणजे क्षणभराचा झटका यात पुसट होतो, आणि संपून गेलेली गर्दी थोडा वेळ रेंगाळते.

मोजलं जातं ते असं: सीपीयूवर चालू असलेल्या प्रोसेस, सीपीयू मिळायची वाट बघणाऱ्या प्रोसेस, आणि लिनक्समध्ये त्यात भर म्हणून डिस्कसारख्या गोष्टीत अडकून पडलेल्या, मध्येच उठवता न येणाऱ्या प्रोसेस. ही तिसरी भर १९९३ साली माथियास उर्लिख्स यांच्या एका पॅचमधून, म्हणजे कोडमधल्या बदलातून, आली. त्यांचा मुद्दा साधा होता: वेगवान स्वॅप डिस्क (मेमरी कमी पडली की तिच्याऐवजी वापरली जाणारी) काढून संथ डिस्क लावली तर मशीन सुधारत नाही, पण लोड मात्र उतरलेला दिसतो. तेव्हापासून लिनक्सवरचा लोड म्हणजे फक्त सीपीयूचा ताण राहिलेला नाही. सीपीयू निवांत आणि लोड ४० असं चित्र रात्रीच्या बॅकअपच्या वेळी सहज दिसू शकतं.

याची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. पान तयार करणारी तुमची पीएचपी स्क्रिप्ट बाहेरच्या एखाद्या सेवेच्या उत्तराची वाट बघत ४ सेकंद थांबली असेल, तर तो वेळ लोडमध्ये मोजला जात नाही. नेटवर्कची वाट बघणारी प्रोसेस या हिशेबात झोपलेली असते. डेटाबेसमध्ये टेबल लॉक सुटायची वाट बघणारी क्वेरीही बहुधा तशीच. लोड अर्धा आणि साइट रडतेय, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या बाबतीत कारण बऱ्याचदा इथेच सापडतं.

मग कोअरचा, म्हणजे सीपीयूतल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांचा, हिशेब. ३२ कोअरच्या सर्व्हरवर १४ म्हणजे निम्म्याहून कमी काम. ४ कोअरच्या सर्व्हरवर १४ म्हणजे रांग लागलेली. सीपॅनेल या कंट्रोल पॅनेलच्या सर्व्हर माहितीच्या पानावर लोडशेजारीच सीपीयूंची संख्या दिलेली असते. ती न बघता लोडवर बोलू नये.

साधं शेअर्ड: आकडा सगळ्यांचा, त्रासही सगळ्यांचा

जिथे प्रत्येक खात्यावर वेगळी मर्यादा नाही, तिथे हा आकडा शेकडो साइटचा मिळून असतो. शेजारच्या कुणाच्या तरी लॉगिन पानावर बॉटांचा हल्ला सुरू झाला की तुमची पानंही रखडतात. अशा होस्टिंगवर लोड बघण्यात अर्थ आहे, कारण इथे तो तुमच्या वेगाशी थेट जोडलेला असतो. १५ मिनिटांचा आकडा रोज तासन्‌तास कोअरच्या संख्येच्या दुप्पट-तिप्पट राहत असेल, तर तुम्ही कितीही कॅशिंग केलं (तयार पान साठवून तेच पुन्हा दिलं) तरी शेजारी बदलत नाहीत. इथून निघावं, पण ते व्हीपीएसकडेच असं काही नाही.

या प्रकाराचा फायदाही सांगायला हवा. सर्व्हर रिकामा असेल तेव्हा तुमच्या साइटला हवी तेवढी ताकद मिळते. जाहिरात करून अर्ध्या तासासाठी गर्दी ओढणाऱ्या छोट्या साइटला हे कधीकधी मर्यादित होस्टिंगपेक्षा चांगलं मानवतं. पण तो नशिबाचा भाग झाला.

मर्यादा घातलेलं शेअर्ड: आकडा सर्व्हरचा, अडचण तुमची

क्लाउडलिनक्सने २०१० च्या सुमारास प्रत्येक खात्याला स्वतंत्र कुंपण घालण्याची पद्धत आणली, आणि आज शेअर्ड होस्टिंग विकणाऱ्या अनेक कंपन्या तीच वापरतात. प्रत्येक खात्याला सीपीयू, मेमरी, डिस्कचा वेग, एकूण प्रोसेस आणि एंट्री प्रोसेस यांची ठरावीक हद्द असते. मूळ सेटिंगमध्ये एका कोअरएवढा सीपीयू, १ जीबी मेमरी, २० एंट्री प्रोसेस आणि १०० प्रोसेस असतात. होस्टिंगवाले आपापल्या प्लॅनप्रमाणे हे आकडे बदलतात.

इथे सर्व्हरचा लोड ३ असला तरी तुमची साइट पूर्ण गुदमरलेली असू शकते. सीपीयूची हद्द गाठली की पानं फक्त हळू होतात, एरर येत नाही. एंट्री प्रोसेसची हद्द ओलांडली की ५०८ एरर येते. मेमरी किंवा प्रोसेस संपल्या की ५०० किंवा ५०३ दिसते. म्हणून इथे लोडचं पान सोडून 'रिसोर्स युसेज' उघडावं. कोणता आलेख छताला टेकतोय आणि कोणत्या रकान्यात फॉल्ट (हद्दीला धडकल्याच्या नोंदी) जमलेत, हे तिथे कळतं.

एंट्री प्रोसेस म्हणजे एका वेळी साइटवर असलेले वाचक, असा समज फार पसरलाय. तो चूक आहे. एका क्षणी चालू असलेल्या पीएचपी विनंत्या त्यात मोजल्या जातात. पान ०.५ सेकंदात तयार होत असेल तर २० एंट्री प्रोसेसमध्ये सेकंदाला ४० पानं निघतात. तेच पान ४ सेकंद घेत असेल तर फक्त ५. वाचक तेवढेच, प्लॅन तोच, पण एखाद्या प्लगइनने बाहेरच्या सेवेची वाट बघायला सुरुवात केली की ५०८ चा पाऊस सुरू होतो. वरचा प्लॅन घेऊन २० चे ४० केले तर दुखणं थोडं पुढे ढकललं जातं, एवढंच. कॅश केलेलं पान पीएचपीपर्यंत न जाता वेब सर्व्हरवरूनच जात असेल, तर ते या मोजणीत येतच नाही.

एक भोक मात्र या कुंपणात राहतं. डेटाबेस सर्व्हर सगळ्यांचा एकच असतो आणि तो खात्याच्या हद्दीबाहेर चालतो. शेजाऱ्याची भिकार क्वेरी तुमच्या क्वेरीलाही लटकवू शकते. यासाठी क्लाउडलिनक्समध्ये मायएसक्यूएल गव्हर्नर नावाची सोय आहे. होस्टिंग निवडताना ती चालू आहे का, हे विचारावं. या प्रश्नाचं सरळ उत्तर देणारा सपोर्ट मिळाला तर तीसुद्धा जमेची बाजू.

व्हीपीएस: आकडा तुमचा, आणि बाकी सगळंही तुमचं

केव्हीएम या आभासी मशीन चालवणाऱ्या तंत्रावरच्या व्हीपीएसमध्ये लोड खरोखर तुमचाच असतो. पण मोजपट्टी बदलते. एक व्हीसीपीयू (आभासी कोअर) असलेल्या मशीनवर १ म्हणजे पूर्ण भरलेलं. शेअर्डवर १४ पाहून घाबरलेला माणूस इथे १.४ पाहून निश्चिंत होतो, आणि बऱ्याचदा इथली परिस्थिती तिथल्यापेक्षा वाईट असते.

शेजारी इथेही असतात. ते 'टॉप' कमांडच्या 'एसटी' या आकड्यात दिसतात: तुमच्या मशीनला सीपीयू हवा होता, पण खालच्या मूळ सर्व्हरने तो दुसऱ्याला दिला, त्या वेळेचं प्रमाण. हा आकडा सतत दोन अंकी राहत असेल तर तुम्ही आगीतून फुफाट्यात आलात.

एकच पान तयार करणारी पीएचपी विनंती साधारणपणे एकाच कोअरवर चालते. त्यामुळे चार संथ कोअरचा व्हीपीएस घेतला तर एकाच वेळी जास्त लोकांना सेवा मिळेल, पण एका वाचकाला पान लवकर मिळेलच असं नाही. चांगल्या शेअर्ड सर्व्हरचे कोअर स्वस्त व्हीपीएसपेक्षा वेगवान असू शकतात. स्थलांतरानंतर साइट आधीपेक्षा हळू झाल्याच्या तक्रारी येतात, त्यामागचं एक कारण हेच.

मेमरीचं वेगळं. शेअर्डवर मेमरी संपली तर एरर येते. व्हीपीएसवर मेमरी संपली की मशीन स्वॅप वापरू लागतं, प्रोसेस डिस्कपाशी अडकतात आणि लोड बघता बघता ३०-४० वर जातो. तरीही भागलं नाही तर कर्नल (लिनक्सचा गाभा) सगळ्यात मोठी प्रोसेस मारून टाकतो, आणि ती बहुतेक वेळा डेटाबेसचीच असते. पीएचपी चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएमच्या किती प्रोसेस एकदम चालू द्यायच्या, हे मेमरी बघून तुम्हालाच ठरवावं लागतं. अपडेट, बॅकअप, फायरवॉल, आणि ईमेल स्पॅममध्ये जाऊ नये म्हणूनची खटपट हेही तुमच्याच गळ्यात. हे करणारं माणूस नसेल तर व्यवस्थापित व्हीपीएस घ्यावा किंवा व्हीपीएसचा विचारच सोडावा.

ठरवण्याआधीची चाचणी

साइटवर दोन छोट्या फाइल ठेवा: एक साधी मजकुराची, दुसरी एकच शब्द छापणारी पीएचपी. तिसरं तुमचं खरं पान, कॅश बाजूला ठेवून. तिन्हींचा पहिला बाइट यायला किती वेळ लागतो, हे गर्दीच्या आणि शांत अशा दोन्ही वेळी मोजा. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये हा वेळ दिसतो. गूगल ०.८ सेकंदापर्यंतचा वेळ चांगला मानतं, १.८ च्या पुढचा वाईट.

मजकुराची फाइलच रखडत असेल तर नेटवर्क किंवा अख्खा सर्व्हर दमलाय. ती झटकन येते आणि छोटी पीएचपी रखडते, तर सीपीयू कमी पडतोय, सर्व्हरचा किंवा तुमच्या हद्दीतला. 'रिसोर्स युसेज'मध्ये तुमचा आलेख खाली असेल तर दोष सर्व्हरचा, वर टेकलेला असेल तर तुमचा. पहिल्या दोन्ही फाइल झपाट्याने येतात आणि फक्त खरं पान अडतं, तर होस्टिंग बदलून हाती फारसं काही लागणार नाही. तिथे क्वेरी, प्लगइन आणि बाहेरच्या सेवा तपासा. वर्डप्रेस असेल तर भेटीगणिक जागं होणारं डब्ल्यूपी-क्रॉन (ठरलेली कामं वेळेवर करणारी सोय) बंद करून सर्व्हरच्या क्रॉनला जोडा, आणि उघड्या एडिटरमधून दर काही सेकंदांनी जाणाऱ्या हार्टबीटच्या विनंत्यांचा वेग कमी करा.

यातून निवड बरीचशी स्वतःच होते. बहुतेक पानं कॅश होतात अशी लेख, माहिती, छायाचित्रांची साइट असेल तर मर्यादा घातलेलं चांगलं शेअर्ड पुरतं. लॉगिन केलेले वाचक जास्त, प्रत्येकाला वेगळं पान, मागे तासभर चालणारी कामं, किंवा स्वतःचं काही सॉफ्टवेअर बसवायचंय, तर व्हीपीएस. साध्या, मर्यादा नसलेल्या शेअर्डवर असाल आणि चाचणीत दोष सर्व्हरचा निघाला, तर आधी मर्यादित शेअर्डवर जाऊन बघा.

आणि सपोर्टला तिकीट टाकताना 'लोड जास्त आहे' एवढंच लिहू नका. ठरावीक वेळ, तिन्ही फाइलींचे वेळ, तेव्हाचा लोड, कोअरची संख्या आणि रिसोर्स युसेजचा स्क्रीनशॉट पाठवा. मग त्यांना 'प्लॅन अपग्रेड करा' हे ठरलेलं उत्तर सहज चिकटवता येत नाही.