जुन्या हायलक्सचे एटीएफ: निवड कशी केली आणि बडोद्यात कसे बदलून घेतले

सेकंड हँड ऑटोमॅटिक पिकअप घेताना इंजिन ऑइल केव्हा बदलले हे सगळेच विचारतात. गिअरबॉक्समधील तेलाची चौकशी मात्र क्वचितच होते, आणि विक्रेत्याकडेही बहुधा त्याची नोंद नसते. आमची टोयोटा हायलक्स या नियमाला अपवाद नव्हती. सर्व्हिसच्या फाइलमध्ये इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड सगळे होते, पण साठ हजार किलोमीटरच्या पुढे गेलेल्या या गाडीच्या एटीएफचा, म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइडचा, उल्लेख कुठेच नव्हता. पादऱ्याकडच्या शेतावरून माल भरून येताना, साठ-सत्तरच्या वेगात ॲक्सिलरेटर हलका दाबला असता खडबडीत पट्टीवरून गेल्यासारखी बारीक थरथर जाणवत असे. टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे इंजिनचा जोर तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचा, लॉक-अप क्लच (दोन्हींना थेट जोडणारा क्लच) लागताना अशी थरथर होणे हे पुष्कळदा तेलातील घर्षण नियंत्रित करणारी रसायने संपत आल्याचे लक्षण असते, म्हणून इतर काही उघडण्याआधी तेल बदलायचे ठरवले. पुढील परीक्षण त्या तेलाचे आणि मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीच्या बाजूला असलेल्या एका छोट्या गॅरेजमधील कामाचे आहे.

प्रथम निवडीविषयी. जानेवारी २०२२ मध्ये भारतात आलेल्या या गाडीचे २.८ लिटर डिझेल इंजिन मॅन्युअलमध्ये ४२० न्यूटन-मीटर टॉर्क देते, तर सहा गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये तो ५०० पर्यंत जातो. एवढा जोर ज्या गिअरबॉक्समधून चाकांकडे जातो त्यातील तेलाला वंगण, हायड्रॉलिक दाब, क्लच प्लेट्समधील नेमके घर्षण आणि उष्णता बाहेर नेणे अशी चार कामे एकाच वेळी करावी लागतात. कंपनीने यासाठी ‘टोयोटा जेन्युइन एटीएफ डब्ल्यूएस’ सांगितले आहे आणि ते कमी जाडीचे तेल आहे. रावपुरा भागातील एका दुकानदाराने मोठ्या आत्मविश्वासाने डेक्सरॉन-३ या जुन्या प्रकारच्या एटीएफचा डबा पुढे केला, त्यातले तेलही डब्ल्यूएससारखे लालच होते. पण लाल रंग हा केवळ ओळखीसाठी मिसळलेला असतो, त्यावरून तेलाचा दर्जा किंवा प्रकार यांपैकी काहीच ठरत नाही. डेक्सरॉन-३ ची जाडी १०० अंश सेल्सिअसला साधारण ७ सेंटिस्टोकच्या (तेलाची जाडी मोजण्याचे एकक) पुढे असते, तर २००५ मध्ये आलेल्या डेक्सरॉन-६ साठी ६.४ ही कमाल मर्यादा आहे. डब्ल्यूएस याच पातळ वर्गात मोडते. पातळ तेलासाठी बेतलेल्या व्हॉल्व्ह बॉडीत (तेलाच्या दाबाने गिअर बदलणाऱ्या भागात) जाडे तेल घातले की गिअर बदलण्याची वेळ आणि दाब यांचे गणित बिघडते, आणि घर्षणाचे गुणधर्म जुळले नाहीत तर जी थरथर घालवायची तीच वाढू शकते.

याचा अर्थ कंपनीचाच डबा हवा असा मात्र नाही. इदेमित्सू, आयसिन, व्हॅल्व्होलिन अशा नामांकित उत्पादकांची डब्ल्यूएसच्या जागी चालतील असे स्पष्ट लिहिलेली तेले मिळतात, आणि त्यांतील आयसिन तर स्वतः टोयोटाचे गिअरबॉक्स बनवणारी कंपनी आहे. तरीही पहिल्या बदलासाठी मी डब्ल्यूएसच घेतले. आत आधी काय होते हे ठाऊक नसताना आणि थरथरीचे कारण शोधायचे असताना आणखी एक अनिश्चित गोष्ट वाढवणे मला योग्य वाटले नाही. डबे अधिकृत पार्ट्स विक्रेत्याकडून सीलबंद घेतले. किंमत टोचते, हे नाकारण्यात अर्थ नाही. एकूण खर्चात मजुरीपेक्षा तेलाचाच वाटा मोठा होता.

आता गॅरेज. आधी ज्या एका ठिकाणी चौकशी केली तेथे मशीन लावून ‘फुल फ्लश’ करून, म्हणजे सगळे तेल एकदम बदलून देतो, तासाभरात गाडी घेऊन जा, असे सांगण्यात आले. कोणते तेल वापरणार असे विचारले तेव्हा ‘सगळ्या गाड्यांना चालणारे’ असे उत्तर मिळाले, आणि तो विषय तेथेच संपला. मकरपुऱ्याच्या मेकॅनिकने उलट एवढेच सांगितले, “साहेब, गाडी सवारे लावजो,” म्हणजे गाडी सकाळी आणा. सकाळचा हा आग्रह मला सुरुवातीला त्याच्या सोयीचा वाटला; पण या संपूर्ण कामात तोच सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे आणि या गॅरेजची खरी किंमत तेथेच कळते.

या गिअरबॉक्सला तेल मोजण्याची डिपस्टिक नाही. पॅनच्या, म्हणजे गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या भांड्याच्या, तळाशी ओव्हरफ्लो प्लग (जास्तीचे तेल वाहू देणारे बूच) असतो. इंजिन चालू ठेवून, तेलाचे तापमान साधारण ३५ ते ४५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असताना तो उघडायचा आणि वाहणारी धार बारीक होऊन थेंब-थेंब पडू लागली की बंद करायचा. तेल तापले की फुगते. म्हणून ६० अंशांवर हा प्लग उघडला तर जास्तीचे तेल वाहून जाते आणि थंड झाल्यावर गिअरबॉक्समध्ये ते कमी भरते. मे महिन्यात बडोद्याचा पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा दुपारी उन्हातून आलेल्या गाडीचे तेल या पट्ट्यात आणायचे तर तासन्‌तास थांबावे लागेल. सकाळी मात्र रात्रभर उभी राहिलेली गाडी हळूहळू तापत या पट्ट्यात शिरते आणि मोजणीला पुरेसा अवकाश मिळतो. मेकॅनिकने स्कॅनर जोडून तापमान पडद्यावर दाखवले, हाताने पॅनला स्पर्श करून अंदाज बांधला नाही.

कामाचा क्रमही समजदार होता. तेल सोडण्यापूर्वी त्याने बाजूचा भरण्याचा प्लग सैल करून पाहिला, कारण तो गंजून अडकला असेल तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन लिफ्टवर अडकून पडण्याची वेळ येते. त्यानंतर निघालेले तेल मापाच्या भांड्यात घेतले. पॅन उतरवल्यावर आतल्या चुंबकांवर राखाडी, लोण्यासारखा बारीक लेप होता. तो क्लच आणि गिअरच्या सामान्य झिजेचा असतो. धातूचे कण किंवा पत्रे दिसले असते तर तेलावर पैसे घालवण्यात हशील नव्हते. जाळी स्वच्छ करून पॅनला नवे गॅस्केट लावले आणि जेवढे तेल निघाले होते तेवढेच नवे भरले. शेवटी ब्रेक दाबून लिव्हर पी, आर, एन, डी असा सावकाश फिरवून मगच पातळी तपासली.

एका वेळी पॅनमधून जेमतेम एक तृतीयांश तेल निघते, उरलेले टॉर्क कन्व्हर्टर, कूलर आणि नळ्यांमध्ये राहते. म्हणून एकदा बदलल्यावर आतले सुमारे ३३ टक्के तेल नवे होते, दुसऱ्या वेळी ५६ आणि तिसऱ्या वेळी ७० टक्के. मेकॅनिकने हे आधीच समजावले आणि मधल्या काळात गाडी रोजच्या कामाला वापरून पुन्हा येण्यास सांगितले. पहिल्या बदलानंतर थरथर कमी झाली, दुसऱ्यानंतर भरलेल्या गाडीतही ती मला शोधूनच काढावी लागते. तिसरा बदल पावसाळ्यानंतर करणार आहे. जुने तेल बदलले की गिअरबॉक्स बसतो, ही भीती मलाही अनेकांनी घातली होती. पण आधीच घसरणारा, जळका वास येणारा गिअरबॉक्स आणि केवळ म्हाताऱ्या तेलाचा गिअरबॉक्स यांत फरक करायला हवा. पहिल्याला दुरुस्ती लागते, तेल नव्हे.

गॅरेजमध्ये उणिवाही आहेत. बसायला जागा नाही, वेळ ठरवून दिली तरी लिफ्ट रिकामी असेलच असे नाही, आणि बिल एका ओळीत लिहून हातात दिले जाते. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे जोर वाटणारा भाग) आणि पुढचा-मागचा डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटणारा गिअरसंच) यांची तेले वेगळी असतात. बिलावर केवळ ‘गिअर ऑइल’ लिहिले तर पुढच्या मालकाला नेमके काय बदलले ते कळणार नाही, म्हणून निघालेल्या तेलाचे माप, भरलेल्या तेलाचे पूर्ण नाव आणि किलोमीटर असे तिन्ही लिहून घेण्याचा आग्रह मी धरला. त्याने ते कुरकूर न करता लिहून दिले.