कुत्र्याच्या मागच्या पायांचा आधारपट्टा, टीपीएलओ या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पाच महिने: हँडलची लांबी बघूनच घ्या

हा अभिप्राय तिसऱ्या आठवड्यात लिहिला असता तर पाचपैकी दोन गुण दिले असते, सहाव्या आठवड्यात साडेचार. आता पाच महिन्यांनी साडेतीनवर ठाम आहे, आणि कापलेला दीड गुण जवळजवळ सगळा हँडलचा आहे.

कुत्रा लॅब्राडॉर, नर, ३८ किलो. डाव्या गुडघ्याचं टीपीएलओ जूनच्या शेवटी. पट्टा पोटाखालून जाणारा, २० सेंटिमीटर रुंद, दोन्ही बाजूंना हँडल, एक्स्ट्रा लार्ज, किंमत १,८५० रुपये. या ऑपरेशनमध्ये गुडघ्यातलं तुटलेलं लिगामेंट (हाडांना धरून ठेवणारा बंध) जोडत नाहीत. नडगीच्या हाडाचा वरचा भाग गोल कापून फिरवतात, साधारण २५ अंशांचा उतार पाचाच्या आसपास आणतात आणि प्लेट-स्क्रू बसवतात. कापलेलं हाड जुळायला आठ ते बारा आठवडे लागतात. कुत्र्याला मात्र दोन आठवड्यांतच बरं वाटायला लागतं आणि तो धावायला बघतो. मधल्या काळात एकदा जरी जोरात घसरला तरी प्लेट हलण्याची भीती असते, म्हणून पट्टा.

विकणारे पोटाचा घेर विचारतात, हँडलची लांबी कुठेच देत नाहीत. खरं तर आधी तेच माप हवं. पायजम्याची एक लांब नाडी घ्या. कुत्रा चारही पायांवर सरळ उभा असताना ती पोटाखालून, मागच्या मांड्यांच्या जरा पुढून काढा आणि दोन्ही टोकं वर आणा. मग ताठ उभं राहून हात खांद्यापासून सैल सोडा. मूठ जिथे येते तिथे गाठ मारा. ती तुमची लांबी. पाच फूट दोन इंचाच्या माणसाची गाठ आणि पाच फूट दहा इंचाच्या माणसाची गाठ यांत सहज आठ-दहा सेंटिमीटरचा फरक पडतो. घरात दोघं-तिघं कुत्र्याला बाहेर नेणार असतील तर सरकत्या बक्कलचंच हँडल हवं.

आमच्या पट्ट्याचं हँडल एकाच मापात शिवून टाकलेलं, आणि आखूड. आखूड हँडलला माणूस वाकतो, वाकला की नकळत वर ओढतो. कुत्र्याच्या पाठीला बाक येतो, पंजे फरशीला नुसते लागतात आणि पायावर जे वजन पडायला हवं ते पडतच नाही. फार लांब असलं तर उलटं होतं. पाय घसरला की पट्टा ताणला जाईपर्यंत कुत्रा वीतभर खाली गेलेला असतो आणि हिसका थेट गुडघ्याला बसतो. चालताना पट्टा आणि पोट यांत दोन बोटं जातील एवढीच फट ठेवा. तोल गेला तर सावरायचं, एवढंच पट्ट्याचं काम. अंग उचलून चालवण्यासाठी तो नाही, आणि पहिल्या आठवड्यात सगळ्यांचं चुकतं ते इथेच.

तिसऱ्या आठवड्यात उजव्या हँडलची शिवण उसवली. मूळ शिवण म्हणजे कडेला एकच सरळ ओळ, तीही सुती दोऱ्याची. ३८ किलोच्या कुत्र्याचं मागच्या पायांवरचं वजन पंधरा किलोच्या घरात जातं आणि घसरताना झटका त्याहून कितीतरी जास्त बसतो. एवढा भार एका ओळीवर टाकणं ही सरळ बेफिकिरी आहे. तक्रारीला उत्तर आलं की मशीनमध्ये धुतलं म्हणून वॉरंटी गेली. आतल्या लेबलवर मशीन-धुलाईची खूण छापलेली होती, तिचा फोटो पाठवला, त्यानंतर उत्तरच आलं नाही. ऑपरेशन झालेला जीव ज्यावर विसंबून असतो त्या वस्तूबद्दल असं वागणं संताप आणणारं आहे.

शेवटी बॅगा दुरुस्त करणाऱ्याने काम नीट केलं. हँडल पट्ट्यावर पाच सेंटिमीटर चढवून बसवलं, भोवती चौकोन आणि चौकोनात फुली अशी नायलॉनच्या जाड दोऱ्याने शिवण मारली, दोन्ही हँडलांत सरकतं बक्कलही घातलं. एकूण १२० रुपये. नवा पट्टा घेताना आधी ही फुली शोधा. ती नसेल तर घरी आल्या आल्या घालून घ्या.

नर कुत्र्यासाठी पोटाच्या भागाला पुढून खोलगट काप असायला हवा. या पट्ट्याला तो आहे आणि चांगला आहे. तरी पट्टा पुढे सरकला की लघवीच्या जागेवर दाब येतो आणि कुत्रा नुसता उभा राहतो. अशा वेळी पट्टा सैल सोडा, फक्त हात जवळ ठेवा. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस शी न होणं चालतं. दिवसभर लघवी झाली नाही तर डॉक्टरांना लगेच कळवा.

सहाव्या आठवड्यात साडेचार गुण वाटत होते, कारण तोवर एकदाही घसरणं झालं नव्हतं. नंतर लक्षात आलं की त्यातलं निम्मं श्रेय फरशीवरच्या व्यवस्थेचं आहे. बडोद्यातल्या घरांत व्हिट्रिफाइड टाइल नाहीतर घासून गुळगुळीत झालेला कोटा दगड. अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत दोन फूट रुंदीची सलग वाट करा. योगा मॅट नखांनी आठवड्यात फाटते. जुन्या सतरंज्या आणि त्यांच्याखाली रबरी जाळी, हे टिकलं आणि स्वस्तात झालं. पंज्याच्या गाद्यांमधले केस दर दोन आठवड्यांनी कापा, नखं बारीक ठेवा. बैठकीतला हिंचका कड्यांवरून उतरवून ठेवा, कारण हलती पाटी नेमकी मांडीच्या उंचीला येते. ओटल्याच्या पायऱ्यांवर फळी टाकून तिच्यावर काथ्या खिळवा.

चादरीचा पट्टा चालेल का, असं बरेच जण विचारतात. चौपदरी केलेली जुनी सुती चादर पहिले तीन-चार दिवस चालते. नंतर कुत्रा जोर करायला लागला की ती गुंडाळून दोरीसारखी होते आणि जांघेत रुतते.

पावसाळ्यात आतला लोकरीसारखा थर हा मोठाच त्रास. ओला राहिला की जांघेत लाल चट्टे उठतात, आणि श्रावणात तो वाळायला दोन दिवस घेतो. आत सुती पंचा घालून तो रोज बदलायचा, हा साधा उपाय. प्रत्येक फेरीनंतर पट्टा काढून ठेवा, अंगावर राहू देऊ नका. वेल्क्रोत लॅब्राडॉरचे केस भरून पकड जाते. जुन्या टूथब्रशने आठवड्यातून एकदा साफ केलं की परत धरतो.

पट्ट्याची सवय सोडवणं हा पट्टा घालण्याइतकाच महत्त्वाचा भाग. पहिले दोन आठवडे प्रत्येक वेळी, तिसऱ्या-चौथ्यात फक्त ओटल्यावर आणि ओल्या जागी, पाचव्यानंतर बंद. पुढे चालवला तर कुत्रा त्यावर रेलायला शिकतो आणि मांडी भरत नाही. गळ्याचा पट्टा आणि दोरी मात्र बारा आठवडे सुटत नाही. फेरी पाच मिनिटांनी सुरू करून दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. दर रविवारी शिंप्याच्या टेपने दोन्ही मांड्यांचा घेर एकाच उंचीवर मोजा. आमच्याकडे सुरुवातीला चार सेंटिमीटरचा फरक होता, आता एकाचा आहे.

चांगलं चालणारा कुत्रा मध्येच पाय उचलून धरायला लागला तर परत पट्टा बांधून ढकलत बसू नका. मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी) फाटणं किंवा प्लेटपाशी संसर्ग, दोन्ही शक्य असतं. घरातल्या पेटीतली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल कुत्र्याला अजिबात देऊ नका. डॉक्टरांनी दिलेलं मेलॉक्सिकॅम हे दुखण्यावरचं औषध जेवणाबरोबरच द्या. उलटी किंवा काळी शी दिसली की थांबवून डॉक्टरांना फोन करा.

आठ आठवड्यांच्या एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं. पट्टा आता धुऊन, बक्कलवर दोघांच्या उंचीच्या खुणा मार्करने करून कपाटात ठेवला आहे. या दुखण्यात बऱ्याच कुत्र्यांचा दुसरा गुडघाही पुढे कधीतरी निकामी होतो, म्हणून पट्टा विकलेला नाही.