'द रेव्हन'चा ऑनलाइन कोर्स केला, सहापैकी दोन सेशन्समध्ये पैसे वसूल

एम.ए. इंग्लिश बाहेरून करतेय, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी आणि नोकरी सांभाळून, त्यामुळे कॉलेजला जाऊन लेक्चर ऐकणं शक्य नाही. अमेरिकन लिटरेचरच्या पेपरला एडगर अ‍ॅलन पो आहे आणि पो म्हटलं की 'द रेव्हन' आलीच, म्हणजे लेनोर नावाची प्रेयसी गेल्याच्या दुःखात बुडालेल्या माणसाकडे मध्यरात्री रेव्हन पक्षी येतो आणि काहीही विचारलं तरी 'नेव्हरमोर' (पुन्हा कधीच नाही) एवढंच म्हणतो, ती कविता. दोनदा स्वतः वाचून बघितली, शब्दार्थ लागला पण ही एवढी गाजलेली का ते काही केल्या कळेना, म्हणून १८०० रुपये भरून फक्त या एका कवितेचा कोर्स घेतला. दर शनिवारी संध्याकाळी दीड तास, एकूण सहा सेशन्स. कोर्सवाल्यांचं नाव लिहीत नाही कारण त्यांच्याशी माझी ईमेलबाजी अजून चालू आहे, आणि तसंही हे कोर्स सगळे एकाच साच्यातले असतात, घेताना काय बघायचं तेवढं कळलं तरी बास.

पहिली दोन सेशन्स एका सरांनी घेतली. सर चांगले असतील पण स्लाइड वाचून दाखवायला माणूस कशाला लागतो? पो १८०९ मध्ये बॉस्टनला जन्मला, आई नाटकात काम करायची, तो तीन वर्षांचा व्हायच्या आतच ती गेली, मग गॉथिक म्हणजे काय, पडके वाडे, मध्यरात्र, डिसेंबर, विझत आलेली शेकोटी. सोबत एक पीडीएफ दिली ज्यात दोन रकाने, डावीकडे वस्तू आणि उजवीकडे अर्थ. कावळा म्हणजे मृत्यू, दारावरचा ग्रीक देवी अथीनाचा पुतळा म्हणजे ज्ञान, रात्र म्हणजे दुःख. परीक्षेला उपयोगी आहे, खोटं कशाला बोलू, मी पाठ केलीय. पण असं कोष्टक हातात आलं की कविता वाचायची गरजच संपते ना! आणि सगळीकडे नुसतं 'कावळा'. रेव्हन म्हणजे आपल्या खिडकीत चपातीला येणारा कावळा नव्हे, तो चांगला मोठा, जाड चोचीचा पक्षी, आपल्याकडे हिमालयात वगैरे दिसतो. मराठीत डोमकावळा म्हणून भागवतात ते एक वेळ चालेल, पण निदान फोटो तरी बरोबर लावा, स्लाइडवर राखाडी मानेचा आपला गावकावळा बसवला होता.

तिसऱ्या सेशनला मॅडम आल्या आणि तिथून कोर्स सुरू झाला असं मी म्हणेन.

मॅडमनी स्लाइड लावलीच नाही. म्हणाल्या सगळ्यांनी माइक बंद करा, हाताशी असेल ते घ्या आणि टेबलावर ठोका, एक जोरात एक हळू, एक जोरात एक हळू, असं आठ वेळा झालं की एक ओळ. आपल्या वृत्तात लघु-गुरू मोजायची सवय असते, तशी इथे मात्रा मोजायला गेलात तर हाताला काही लागणार नाही, इंग्रजीत कुठल्या अक्षरावर जोर पडतो ते ऐकायचं. जोराचं आधी आणि हलकं नंतर, या जोडीला ट्रोकी म्हणतात. पहिल्या ओळीत अशा आठ जोड्या पूर्ण, म्हणजे सोळा अक्षरं. दुसऱ्या ओळीत शेवटचं हलकं अक्षर गाळलेलं, त्यामुळे ओळ एकदम थबकते. कडव्याची सहावी ओळ तर जेमतेम अर्धी, आणि तिथेच ते 'नथिंग मोर' किंवा 'नेव्हरमोर' येऊन आदळतं. शिवाय पहिल्या ओळीच्या मध्येच यमक, तिसरीच्या मध्ये यमक, आणि तिसरीतलं यमक चौथीत पण ओढून नेलेलं. ऐकायला किचकट वाटतं पण ठोकायला लागल्यावर आपोआप बसतं हो.

मी डायनिंग टेबलावर स्टीलचा चमचा घेऊन ठोकत होते. रात्रीचे आठ वाजलेले. आतून सासूबाईंचा आवाज आला, "कोण आलंय गं दाराशी?" मला एवढं हसू आलं की कॅमेरा बंद करावा लागला, कारण पहिल्या कडव्यात कवितेतला माणूस दारावरची टकटक ऐकून हेच तर म्हणतो, कोणी पाहुणा आला असेल, बाकी काही नाही. पुढच्या शनिवारी मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, तुमच्या सासूबाईंना कवितेत घेऊ.

चौथं सेशन सगळ्यात भारी. या कवितेत १८ कडवी आहेत, एकूण १०८ ओळी. मॅडमनी फक्त कडव्यांचे शेवट वाचून घेतले. पहिल्या सातात सहा वेळा 'नथिंग मोर' आणि एकदा 'एव्हरमोर', आणि आठव्यापासून थेट अठरापर्यंत 'नेव्हरमोर'. मग विचारलं, हा शब्द पक्षी प्रत्येक वेळी बोलतो का? आम्ही सगळे हो म्हणालो आणि सगळे चुकलो! कारण मध्ये काही वेळा तो शब्द त्या माणसाच्याच तोंडी आहे, आणि अगदी शेवटच्या कडव्यात पक्षी काही बोलतच नाही, नुसता बसलेला असतो. ते शेवटचं 'नेव्हरमोर' माणूस स्वतः म्हणतो. आणि अकराव्या कडव्यात त्याने हे पण ताडलेलं असतं की याला एवढा एकच शब्द येतो, कुठल्या तरी दुःखी मालकाकडून ऐकून ऐकून पाठ झालेला. म्हणजे उत्तर काय येणार ते त्याला आता माहितीय, आणि हे माहीत असून तो पुढे विचारतो, लेनोरचा विसर पडेल असं काही औषध मिळेल का, या दुःखाला कुठे मलम आहे का, स्वर्गात तरी ती भेटेल का. प्रत्येक प्रश्न आधीच्यापेक्षा जास्त लागणारा. मॅडमचं एक वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय, "उत्तर पाठ आहे, तुम्ही प्रश्न वाचा."

इथे मी जरा भरकटते, पण माझे वडील गेले त्याला दोन वर्षं झाली. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा समोर भिंतीवर बसून राहिला, शिवेना. भाऊ हात जोडून एकेक सांगत होता, आईला अंतर देणार नाही, धाकटीचं शिक्षण पूर्ण करीन. काका मागून सुचवत होते, अरे जमिनीचं बोल, जमिनीचं राहिलंय. तासभर गेला, शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. सेशन चालू असताना मला ती भिंतच दिसत होती. आमचा पक्षी काही बोलत नव्हता म्हणून आम्ही त्याच्या मनातलं ओळखत बसलो होतो, या माणसाचा बोलतोय तर हा त्याच्या एका शब्दाभोवती प्रश्न रचत बसलाय. हे त्या दोन रकान्यांच्या पीडीएफमध्ये कुठे बसवणार?

पाचव्याला परत सर. पोने १८४६ मध्ये एक निबंध लिहिला, 'द फिलॉसॉफी ऑफ कॉम्पोझिशन', त्यात ही कविता कशी 'बनवली' ते सांगितलंय. साधारण शंभर ओळी हव्यात असं आधी ठरवलं, मग ओ आणि र हे आवाज हवेत म्हणून 'नेव्हरमोर', आणि हा एकच शब्द पुन्हा पुन्हा बोलायला माणूस बरा दिसणार नाही म्हणून पक्षी, आणि पहिल्यांदा डोक्यात काय आलं तर पोपट! पोपट असता तर सगळ्या शोकाचा तमाशा झाला असता. प्रश्नांचा कळस असलेलं कडवं त्याने म्हणे सगळ्यात आधी लिहिलं. हे सगळं एवढं गणितासारखं खरंच झालं का यावर कित्येक समीक्षकांना शंका आहे, पण सरांनी हा निबंध वीस मिनिटांत उरकला, तोही जसाच्या तसा खरा धरून. उरलेला वेळ 'परीक्षेत उत्तर कसं लिहावं' यात गेला.

सहाव्याला क्विझ. प्रश्न असा की पोने 'द रेव्हन' का लिहिली, आणि त्यांचं बरोबर उत्तर, 'पत्नीच्या मृत्यूच्या दुःखातून'. अहो, कविता न्यूयॉर्कच्या 'इव्हनिंग मिरर'मध्ये छापून आली २९ जानेवारी १८४५ ला, आणि बायको व्हर्जिनिया क्षयाने गेली ३० जानेवारी १८४७ ला, म्हणजे दोन वर्षं आणि एक दिवस नंतर! ती १८४२ पासून आजारी होती हे खरं, घरात ती भीती सतत असणार हेही खरं, पण जिवंत बाईला क्विझमध्ये मारून टाकलं. मी 'यापैकी नाही' टिक केलं आणि मार्क गेला. सपोर्टला दोन्ही तारखा लिहून पाठवल्या तर उत्तर आलं, 'आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद'.

बाकी बारीकसारीक: रेकॉर्डिंग तीस दिवसांनी गायब होतं आणि हे पैसे भरताना कुठेच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे चौथं सेशन मला आता परत बघता येत नाही याचं खरं वाईट वाटतं. अ‍ॅपवर आवाज मागेपुढे व्हायचा, सगळ्यांनी एकत्र मोठ्याने वाचायचा प्रयत्न केला तेव्हा भजनात टाळ चुकल्यासारखं झालं.

पाचपैकी तीन स्टार. मॅडमची बॅच वेगळी मिळत असेल तर डोळे झाकून घ्या, आणि मिळत नसेल तर कविता आणि एक स्टीलचा चमचा घेऊन बसा, दारावर कोणी आलं नाहीये हे घरच्यांना आधी सांगून ठेवा. रिफंड मी मागितलेला नाही. तो एक मार्क मात्र मागतेय, तिसरं ईमेल कालच टाकलं.