लेबल की स्वतःचा अल्बम?

नौपाड्यातल्या खोलीत खिडकीला गोधडी लावून सहा गाणी ध्वनिमुद्रित केली. रिक्षाचा हॉर्न आला की पुन्हा पहिल्यापासून. आता ती लेबलला, म्हणजे गाणी प्रकाशित करणाऱ्या संगीत कंपनीला, द्यायची की स्वतः काढायची?

लेबल खर्च उचलतं, प्रसिद्धी करतं, पण बहुतेकदा मास्टरची, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाची, मालकी मागतं. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे सही एकदाच, परिणाम आयुष्यभर. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा वाटा राखला. मास्टर मात्र एकदा लिहून दिला की गेला.

स्वतः काढायचं तर डिस्ट्रोकिड, ट्यूनकोअरसारख्या, गाणी ऑनलाइन ॲपवर पोहोचवणाऱ्या वितरकाची फी, आयएसआरसी क्रमांक (प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक), मुखपृष्ठ, जाहिरात, सगळं आपल्याच अंगावर. दमछाक होते खरी. तरी मी हाच रस्ता धरलाय. पहिलं गाणं शुक्रवारी येतंय.