पेलेटचा वेग मोजायला काय घ्यावं: रडार, फ्रेम की मोबाइल? सोलापूरच्या हॉलपुरता हिशेब

क्लबनं वर्गणी काढून क्रोनोग्राफ, म्हणजे एअर गनच्या शिशाच्या गोळीचा (पेलेटचा) वेग मोजायचं यंत्र, घ्यायचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, घ्यायचा तर रडारच, बाकी सगळा खेळ आहे. दुसरा म्हणतो, त्या पैशात पेलेटचे किती डबे येतील ते बघा, आकडे बघून कुणाचा नेम सुधारलाय? दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. फक्त दोघंही एक गोष्ट विचारत नाहीत, ती म्हणजे आकडा कळल्यावर तुम्ही नेमकं काय बदलणार? ज्याच्याकडं याचं उत्तर नाही, त्यानं यातलं काहीच घेऊ नये.

आणि हिशेब सोलापूरचा करायचा. अमेरिकेतले व्हिडिओ मोकळ्या माळावर, शंभर-दोनशे यार्डांवर, मोठ्या रायफली लावून केलेले असतात. आपल्याकडं सराव म्हणजे मुख्यतः दहा मीटरचा बंदिस्त हॉल, कुठं डोक्यावर पत्रा, शेजारी शेजारी लेन आणि मे महिन्यात 42 च्या पुढं गेलेला पारा. पन्नास मीटरचं नाव काढलं की पुण्याच्या बालेवाडीसाठी हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट काढायचं.

आधी गरज आहे का ते बघा

दहा मीटर एअर रायफलची पेलेट साधारण 0.53 ग्रॅमची असते आणि सेकंदाला 170 ते 175 मीटर वेगानं नळीतून निघते. 172 धरा. टार्गेटपर्यंत पोचायला तिला साठेक मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्यात ती 17 मिलिमीटर खाली आलेली असते. साइट त्या हिशेबानंच लावलेली असते, त्यामुळं त्याची चिंता नाही. पण एखादी पेलेट दोन टक्के हळू निघाली, म्हणजे 168.5 नं, तर ती आणखी 0.7 मिमी खाली लागते. रायफलला गुण दशांशात मोजतात, एका शॉटला जास्तीत जास्त 10.9, आणि टार्गेटवर दशांशाचा एक टप्पा 0.25 मिमीचा. म्हणजे पोरानं सगळं अचूक केलं, चाप स्वच्छ दाबला, तरी 10.9 च्या जागी 10.7. पात्रता फेरीच्या साठ शॉट्समध्ये असं अधूनमधून होत राहिलं तर तो स्वतःचा श्वास, स्वतःचा खांदा दुरुस्त करत बसतो आणि दोष असतो रेग्युलेटरचा, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब प्रत्येक शॉटला सारखा ठेवणाऱ्या भागाचा. रायफलवाल्यासाठी क्रोनोग्राफची किंमत इथं वसूल होते.

पिस्तूलवाल्यांनी मात्र इथंच थांबावं. एअर पिस्तूलची दहाची रिंग 11.5 मिमी व्यासाची, पुढची प्रत्येक रिंग 8 मिमीची आणि पात्रता फेरीत दशांश मोजतच नाहीत. दोन टक्क्यांच्या फरकानं पेलेट एखादा मिलिमीटर खाली येईल, त्यानं काय होतं? शंका असेल तर क्लबच्या यंत्रावर वर्षातून एकदा बघून घ्या. स्वतःचे पैसे घालायचं कारण नाही.

पन्नास मीटरच्या .22 बोअरच्या रायफलवाल्यांना सगळ्यात जास्त गरज. मॅच ग्रेडची, म्हणजे स्पर्धेसाठीची, गोळी सेकंदाला 320-330 मीटरच्या आसपास निघते आणि वेगात एक टक्क्याचा फरक पडला तर पन्नास मीटरवर अडीच मिमीहून जास्त वर-खाली होते. तिथं दशांशाचा टप्पा 0.8 मिमीचा, म्हणजे तीन दशांश गेले. स्वप्निल कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणल्यापासून कोल्हापूरकडं बघून आपल्याकडचीही पोरं .22 च्या गोष्टी करायला लागलीत. त्यांनी गोळ्यांचा लॉट (एकाच वेळी बनलेली खेप) निवडताना टार्गेटवरच्या ग्रुपसोबत, म्हणजे शॉट किती जवळजवळ लागतात त्यासोबत, वेगाचा आकडाही बघावा.

राहिले स्प्रिंगच्या गनवाले, प्रेसिहोल वगैरे घेऊन शेतात डबे उडवणारे. त्यांच्यासाठी मुद्दा वेगळा आहे, कायद्याचा. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिमीपर्यंतचं बोअर (नळीचा आतला व्यास) आणि 20 ज्यूलपर्यंतची ऊर्जा असेल तर परवाना लागत नाही. 0.53 ग्रॅमच्या पेलेटला 20 ज्यूल म्हणजे सेकंदाला 274 मीटर, फुटांत 900. कुणी ‘जोरकस’ स्प्रिंग बसवून दिली असेल तर आपण रेषेच्या कुठल्या बाजूला आहोत हे मोजल्याशिवाय कळत नाही. आणि इथं हलकी पेलेट लावून मोजलेला वेग बघून खूश होऊ नका. ऊर्जा वजन आणि वेग दोन्हींवरून काढायची असते.

फ्रेमचा, म्हणजे फोटोसेलचा क्रोनोग्राफ

सगळ्यात जुना आणि स्वस्त प्रकार. कॉल्डवेल, प्रोक्रोनो ही त्यातली ओळखीची नावं; अमेरिकेत शंभर-सव्वाशे डॉलरच्या आसपास मिळतात. दोन सेन्सर, त्यांच्यावरून पेलेट गेली की सावली पडते, दोन सावल्यांमधला वेळ मोजला की वेग निघाला. सेन्सरमधलं अंतर 30 सेंटिमीटर असेल तर 172 च्या वेगाला हा वेळ 1.74 मिलिसेकंद येतो. अंतरात एक मिलिमीटरची चूक असेल तर आकडा अर्ध्या मीटरनं चुकतो, पण प्रत्येक शॉटला सारखाच चुकतो. आपल्याला शॉट-शॉटमधला फरक बघायचा असतो, त्यामुळं एवढं चालून जातं.

अडचण उजेडाची आहे. हे यंत्र आभाळाच्या उजेडासाठी बनवलेलं. हॉलमधली साधी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते आणि सेन्सरला ती सावलीसारखीच वाटू शकते, मग मध्येच 400 चा आकडा नाहीतर नुसती एरर. पत्र्यातून उन्हाची तिरीप आली तरी तीच गत. इन्फ्रारेड दिव्यांची फ्रेम वेगळी घेतली तर हा त्रास जातो, पण खर्च वाढतो.

त्याहून मोठी अडचण जागेची. फ्रेम ठेवायची फायरिंग लाइनच्या पुढं. ती ठेवायला, सरळ करायला कुणीतरी पुढं जाणार, म्हणजे तेवढा वेळ अख्ख्या हॉलनं गन रिकाम्या करून खाली ठेवायच्या. संध्याकाळी पोरांची गर्दी असताना हे एकदा केलं तर चालतं, तिसऱ्यांदा सर ओरडतात, आणि बरोबरच ओरडतात. नवख्याच्या हातून पेलेट फ्रेमला लागली तर शिशाचा तुकडा कुठं उडेल सांगता येत नाही.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे नळीच्या तोंडाला लावायची इन्फ्रारेड नळकांडी. चिनी बनावटीची, बॅटरीवर चालणारी, उजेडाची कटकट नाही. स्प्रिंगच्या गनला हीच घ्या, त्याहून जास्त खर्च करू नका. मॅच रायफलला ती फक्त वेग बघण्यापुरती लावायची. पुढं वजन लोंबकळत असताना नेमाचा ग्रुप तपासायला जाऊ नका, आणि नीट मधोमध बसली नाही तर पेलेट कडेला घासते.

मॅग्नेटोस्पीडचंही नाव ऐकू येतं. नळीखाली पट्ट्यानं बांधायची पट्टी, चुंबकीय सेन्सरची. मोठ्या रायफलवाल्यांचं ते लाडकं यंत्र, पण एअर रायफलसाठी त्याचा विचार सोडून द्या.

मोबाइल ॲप

फुकट आहे म्हणून सगळे आधी हेच करतात. गनचा आवाज आणि टार्गेटवरचा ‘टक्’ यांतला वेळ मोबाइलचा माइक पकडतो. फोन नळीजवळ असेल तर त्या वेळात टार्गेटकडून परत येणाऱ्या आवाजाचा प्रवासही धरलेला असतो, तो ॲप वजा करतं. आणि इथंच सोलापूरचा उन्हाळा आडवा येतो. 20 अंशांना आवाज सेकंदाला 343 मीटर जातो, 40 अंशांना 355. ॲपमध्ये तापमान 20 वरच राहिलं तर दहा मीटरच्या परतीत एक मिलिसेकंद जादा वजा होतो, आणि तेवढ्यानं वेग जवळपास तीन मीटरनं जास्त दिसतो. म्हणजे जी दोन टक्क्यांची चूक शोधायची, जवळपास तेवढी चूक यंत्रातच. शेजारच्या लेनवरचा शॉट, कंप्रेसरची घरघर, बाहेरून गेलेली बुलेट मोटरसायकल हे वेगळंच. घरी एकट्यानं, तापमान भरून, गंमत म्हणून बघायला ठीक.

रडार

आता ज्याच्यासाठी वाद पेटतो ते. रडारचा क्रोनोग्राफ 24 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी सोडतो. त्या पळत्या पेलेटवर आपटून परत येतात तेव्हा त्यांची वारंवारिता बदललेली असते. 172 च्या वेगाला हा बदल 27-28 किलोहर्ट्झ भरतो, आणि त्या बदलावरून थेट वेग कळतो. ना सावली, ना ट्यूबलाइटचा संबंध, ना तापमानाचा. यंत्र टेबलावर आपल्या बाजूला बसतं, लाइनच्या पुढं कुणाला जावं लागत नाही. माझ्या मते हॉलसाठी रडारचा सगळ्यात मोठा फायदा अचूकता नाही, हाच आहे.

गार्मिनचा झीरो सी वन प्रो 2023 च्या अखेरीस आला आणि बाजाराचं चित्र बदललं. शर्टाच्या खिशात मावतो, रिचार्जेबल बॅटरी सहा तास चालते, एअर गनसाठी वेगळी सेटिंग आहे. नळीच्या तोंडाच्या जरा मागं, बाजूला वीतभर ते दीड वीत ठेवायचा, तोंड टार्गेटच्या दिशेनं. शॉट सुटल्या सुटल्या पडद्यावर आकडा, दहा शॉट झाले की सरासरी आणि फरक तयार. सेकंदाला तीस मीटरच्या खालचं काही तो धरत नाही, त्यामुळं डोक्यावरच्या पंख्याची भीती नको. चार फुटी पंख्याच्या पात्याचं टोक जोरात फिरताना पंचवीसेक मीटरच्या पुढं जात नाही.

त्याच्या आधीचा राजा म्हणजे कॅनडाचा लॅबरडार. नारिंगी रंगाचा, पाटीएवढा, सहा पेन्सिल सेलवर चालणारा. गोळी पुढं पुढं जाताना तिचा वेग कसा घटतो तेही दाखवतो, .22 वाल्यांना ते आवडतं. पण तो शॉटच्या आवाजावर जागा होतो आणि एअर रायफलचा आवाज त्याला पुरत नाही, वेगळा माइक लावावा लागतो. शेजारच्या लेनवर मोठा आवाज झाला की नको तेव्हा जागा होतो. सेकंड हँड स्वस्तात मिळाला तर फसू नका, दहा मीटरच्या हॉलला तो गैरसोयीचाच.

ॲथलॉनचा रेंजक्राफ्ट गार्मिनच्याच पद्धतीचा आणि किमतीला जरा कमी. एफएक्सचं छोटं रडार खास एअर गनसाठी काढलेलं, नळीला चिमट्यानं लागतं आणि आकडा मोबाइलवर दाखवतं. एकट्या नेमबाजाला पुरेसं आहे. क्लबमध्ये मात्र रोज वेगळा मोबाइल जोडायचा, म्हणजे अर्धा वेळ ब्लूटूथशी भांडण्यात जाणार.

रडारचे दोष कुणी सांगत नाही, ते मी सांगतो. लेन एकेक मीटरच्या असतात, त्यामुळं शेजारच्याचा शॉट कधीमधी आपल्या यादीत घुसतो. तो लगेच पुसायचा. यंत्र तिरकं ठेवलं तर वेग कमी दिसतो. पाच अंशांचा कोन पडला तर 0.4 टक्के, म्हणजे पाऊण मीटरच्या आसपास. म्हणून टेबलावर टेपनं खूण करा आणि रोज तिथंच ठेवा. आणि पैसे. गार्मिन बाजारात आला तेव्हा त्याची अमेरिकेतली किंमत 600 डॉलर होती, म्हणजे कस्टम्स आणि कुरिअर धरण्याआधीच पन्नास हजारांवर. बाहेरून आणलेल्याची वॉरंटी इथं कोण बघणार हे आधी लेखी विचारून घ्या.

आकडे वाचायचे कसे

यंत्र कुठलंही असो, पाच शॉट मारून निष्कर्ष काढू नका. निदान दहा. आणि नुसती सरासरी बघू नका, क्रम बघा. समजा एका रायफलचे आकडे आले 172, 173, 171, 172, 174, 172, 171, 173, 172, 172. सगळ्यात कमी-जास्तातला फरक तीन मीटरचा, सरासरीपासूनचं प्रमाण विचलन एकच्या आत. या रायफलला हात लावू नका, पेलेटही बदलू नका. दुसरीचे आले 172, 173, 172, 171, 172, 170, 169, 168, 166, 165. इथं पेलेटला शिव्या देऊन उपयोग नाही, सिलिंडर संपत आलाय. तिसरीत पहिला शॉट 177 आणि नंतर सगळे 172 च्या आगेमागे, आणि पाच मिनिटं थांबून मारला की पुन्हा 177. हा रेग्युलेटर थांबलेल्या वेळात दाब चढवतोय, सर्व्हिसला पाठवा. आणि आकडे वर-खाली, कुठलाच क्रम नाही, असं दिसलं तर आधी पेलेटचा दुसरा डबा किंवा 4.49 ऐवजी 4.50 मिमी डोक्याची पेलेट लावून बघा. मग गनवर संशय घ्या.

मग घ्यायचं काय

घरात एकच रायफलवाला पोरगा किंवा पोरगी असेल आणि शाळेच्या, जिल्ह्याच्या स्पर्धा चालू असतील तर आत्ता काहीच नको. तेच पैसे चांगल्या पेलेट आणि सिलिंडरवर घाला. सिलिंडरची दहा वर्षांची मुदत तपासली का? ते क्रोनोग्राफच्या आधीचं काम आहे. स्प्रिंग गनला नळकांडी. .22 साठी बालेवाडीला नियमित जाणाऱ्या दोघा-तिघांनी मिळून गार्मिन किंवा ॲथलॉन घ्यावा. बॅगेत मावतो, गाडीत नेता येतो. फ्रेमचा क्रोनोग्राफ ज्यांच्याकडं स्वतःची मोकळी जागा आहे त्यांनाच परवडतो, हॉलवाल्यांना नाही.

क्लबसाठी मात्र मी रडारच्या बाजूनं आहे. वीस-पंचवीस जण रायफल मारत असतील तर कस्टम्स-कुरिअर सोडून माणशी दोन-अडीच हजारांत भागतं. एक अट घाला: यंत्र कुणाच्या घरी जाणार नाही, आणि उन्हाळ्यात कपाटात राहील, खिडकीत नाही. लिथियमची बॅटरी पत्र्याखालच्या भट्टीत वर्ष काढत नाही.

आल्या आल्या सेटिंगमध्ये फुटांच्या जागी मीटर करून घ्या, नाहीतर 564 बघून कुणीतरी घाबरेल. मग पहिलं काम: एक रायफल घ्या, सिलिंडर 200 बारपर्यंत भरा आणि सिलिंडरच्या दाबमापकावरचा आकडा लिहीत दर दहा शॉटची सरासरी काढत चला. वेग ज्या दाबाला घसरायला लागतो तो आकडा कागदावर लिहून त्याच सिलिंडरवर चिकटवा. अशी चिठ्ठी हॉलमधल्या प्रत्येक सिलिंडरवर लागेपर्यंत यंत्राला दुसरं काम देऊ नका.