पिसं टाकणारी कोंबडी: ठेवावी की विकून तलंगा आणाव्यात?

दिवाळीच्या आगेमागे परसातल्या दीड-दोन वर्षांच्या कोंबड्या पिसं टाकू लागतात आणि अंडी बंद होतात. दिवस लहान झाला की शरीर अंड्यांचं काम थांबवून नव्या पिसांच्या मागे लागतं. हा आजार नव्हे. गळ डोक्या-मानेपासून सुरू होते, पंख आणि शेपूट शेवटी. गळलेल्या जागी नव्या पिसांचे बारीक खुंट दिसायला हवेत. ते नसून उवा आणि लालभडक कातडी दिसली, तर गोष्ट वेगळी.

तलंगेची, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबडीची, बाजू सरळ आहे. पाच-सहा महिन्यांची होऊन अंड्यावर आली की पहिल्या वर्षी ती जितकी अंडी देते तितकी पुन्हा कधी देत नाही. पण तोवर तिला पोसायचं, मानमोडी (राणीखेत) रोगाची लस टोचायची आणि जुन्या कळपाच्या चोची खाऊ द्यायच्या. जुनी कोंबडी दोन-तीन महिने बसून खाईल. पुढे तिची अंडी संख्येने कमी, पण मोठी येतील. शिवाय मांजर-मुंगूस ती ओळखते, आणि गावरान असेल तर खुडूक बसून पिल्लंही काढते.

सगळ्याच ठेवू नका, सगळ्याच विकूही नका. रात्री खुराड्यात पंख उलगडून बघा. बाहेरची दहा मोठी पिसं एकेक करून गळत असतील तर ती कोंबडी आळशी: एक पीस पुरतं वाढायला सहाएक आठवडे, म्हणजे तिचं काम महिनोन्महिने चालणार. तीन-चार पिसं एकदम टाकणारी लवकर उरकते. पावसाळ्यातच पिसं टाकून बसलेली खुशाल विका. उशिरापर्यंत अंडी देऊन मग एकदम भुंडी झालेली मात्र ठेवाच. दिसायला तीच सगळ्यात भिकार दिसते, म्हणून बाजारात आधी जाते!

ठेवलेलीला नुसता मका पुरत नाही. पीस म्हणजे बहुतेक प्रथिनंच, तेव्हा शेंगदाणा पेंड, सुकट, वाळवी द्या. कोवळ्या पिसांत रक्त असतं, उगाच हाताळू नका. गळ लवकर उरकावी म्हणून उपाशी ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०११ मध्येच ती पद्धत बंद करायला सांगितलं आहे.